आई खरी, बापही खरा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जातककथांमधली एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली असते. एका मुलावर दोन बाया हक्क सांगतात. दोघीही म्हणतात, हे माझेच लेकरू. भांडण महौषध नावाच्या पंडितापुढे जाते. तो जमिनीवर एक रेघ ओढतो, मुलाला रेघेवर ठेवतो आणि म्हणतो, एकीने हात धरा, दुसरीने पाय धरा. जी आपल्या बाजूला ओढून नेईल, तिचे मूल. ओढाओढ सुरू होते, मूल कळवळून रडू लागते, आणि त्या दोघींपैकी एक जण हात सोडून रडत बाजूला उभी राहते. महौषध निवाडा देतो की, जिने सोडले तीच आई. दुसरी तर मुलाला खायला आलेली यक्षिणी निघते. बायबलातली शलमोन राजाची गोष्टही याच जातीची आहे.

या गोष्टीत न्याय करणाऱ्याची एक मोठी सोय आहे. तिथे एक आई खरी आहे आणि दुसरी खोटी. आजच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्यासाठी जे दोघे उभे असतात, त्यांत यक्षिणी कोणी नसते. आई खरी असते आणि बापही खरा असतो. शिवाय इथे जो हात सोडतो त्याला मूल मिळत नाही, उलट त्याचे मूल जाते. म्हणून दोघेही ओढत राहतात. मग ही ओढाताण थांबवायची कोणी? गेल्या शंभर वर्षांत या कामासाठी न्यायाधीशाच्या जोडीला एक तिसरा माणूस आला. कधी तो समाजकार्यकर्ता होता, कधी मानसशास्त्रज्ञ, कधी मानसोपचारतज्ज्ञ. तो कसा आला आणि त्याने नेमके काय करावे याबद्दल काय काय वाद झाले, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

जुना कायदा या बाबतीत अगदी सरळ होता. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘मूल बापाचे’ एवढेच उत्तर होते. कॅरोलिन नॉर्टन ही त्या काळची नावाजलेली लेखिका. १८३६ साली तिचा नवऱ्याशी कायमचा बेबनाव झाला आणि त्याने तिच्या तिन्ही मुलांना तिच्यापासून दूर नेले. तिने पुस्तिका लिहिल्या, पार्लमेंटच्या सभासदांच्या गाठी घेतल्या. मुख्यतः तिच्या धडपडीमुळे १८३९ साली कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि मोठ्या मुलांच्या भेटी मागण्यासाठी आईला न्यायालयाकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली. पण नॉर्टनबाईंची मुले स्कॉटलंडमध्ये ठेवलेली होती आणि तो कायदा तिथे लागू नव्हता. १८४२ साली धाकटा मुलगा घोड्यावरून पडून दुखावला. बाई पोहोचली तेव्हा तो गेलेला होता. कायदा कागदावर आला तरी मूल आईपर्यंत पोहोचेलच असे नाही, हे या हकिकतीत दिसते.

पुढे कायद्याची भाषा हळूहळू बदलली. हक्क कोणाचा, या प्रश्नाच्या जागी मुलाचे हित कशात, हा प्रश्न आला. आपल्याकडे १८९० सालच्या पालक आणि पाल्य कायद्यातच अज्ञान मुलाच्या हिताचा विचार सांगितला आहे. १९२५ साली इंग्लंडच्या कायद्याने मुलाचे हित सर्वांत वरचे मानले. १९५६ सालच्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले आणि मुलाचे हित सर्वोपरी ठरवले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुले ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत. तरी आपण आजही ‘मुलाचा ताबा’ असेच म्हणतो. ताबा जमिनीचा असतो, खोलीचा असतो. जुना विचार असा शब्दात चिकटून राहतो.

मात्र ‘मुलाचे हित’ हे शब्द कायद्यात लिहिणे सोपे आणि ओळखणे अवघड. न्यायाधीशाला करार कळतो, पुरावा कळतो. सहा वर्षांचा मुलगा बापाला पाहून टेबलाखाली का लपला, हे त्याला कोण सांगणार? तो खरोखर घाबरला आहे, की आई शेजारी उभी असल्यामुळे त्याला बापाकडे धावता आले नाही?

अशा प्रश्नांसाठी मनाच्या जाणकाराला न्यायालयात बोलावण्याची सुरुवात दुसऱ्याच कारणाने झाली. १८९९ साली अमेरिकेत शिकागो शहरात पहिले बालन्यायालय निघाले. गुन्ह्यात सापडलेली मुले तिथे येत. ती अशी का वागतात हे समजावे म्हणून १९०९ साली विल्यम हीली या डॉक्टरांनी तिथे अभ्यासाचे काम सुरू केले. त्यातून बालमार्गदर्शन केंद्रांची कल्पना पसरली. ती मुंबईलाही पोहोचली. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र काढले. मुलाला समजून घ्यायचे तर त्याचे घर समजून घ्यावे लागते, हा धडा या केंद्रांनी दिला.

घटस्फोटाच्या दाव्यांत मात्र हा जाणकार आला तो संसार वाचवण्यासाठी. १९३९ साली कॅलिफोर्निया राज्याने समेट न्यायालयांचा कायदा केला. लॉस एंजेलिसमध्ये १९५०च्या दशकात लुई बर्क या न्यायाधीशांनी तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमले. नवराबायको समोरासमोर बसत. घरखर्च, नातेवाईक, मुलांचे संगोपन अशा रोजच्या बाबींवर बोलणी होत आणि ठरलेल्या गोष्टींचा लेखी करार केला जाई. त्या विभागाचे प्रमुख मेयर एल्किन हे समुपदेशक होते. १९६३ साली अशा न्यायालयांतील न्यायाधीश आणि समुपदेशकांनी मिळून एक संघटना काढली. ती आजही काम करते आणि आता अनेक देशांत तिचे सभासद आहेत.

त्यानंतर परिस्थिती बदलली. १९६९ साली कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी एका कायद्यावर सही केली आणि १९७० पासून जोडीदाराचा दोष सिद्ध न करताही घटस्फोट मिळू लागला. जोडपी समेटासाठी येईनाशी झाली. ती येत ती मुलांसाठी भांडत. समुपदेशकांच्या लक्षात आले की, लग्न संपते पण आईबापपण संपत नाही. नवराबायको म्हणून यांना जुळवणे शक्य नसेल, तरी आईबाप म्हणून यांचे काही जुळवता येईल का? या प्रश्नाने त्यांच्या कामाची दिशाच बदलली.

त्याच सुमारास मनाच्या जाणकाराचा दुसरा उपयोगही वाढत होता. तो म्हणजे न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहून, मूल कोणाकडे द्यावे हे सांगण्याचा. आयोवा राज्यातला ‘पेंटर विरुद्ध बॅनिस्टर’ हा खटला यासाठी गाजला. आई अपघातात गेलेली, बापाने मुलाला काही काळासाठी आजोळी ठेवलेले. बापाने पुन्हा लग्न केले आणि मुलाला परत मागितले. म्हणजे इथे भांडण आईबापांत नव्हते, बाप आणि आजीआजोबांत होते. एका मानसशास्त्रज्ञाने साक्ष दिली की, मुलाला आता आजोळाहून हलवले तर त्याचे नुकसान होईल. १९६६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मूल आजोळीच ठेवले. निकालपत्रात आजोबांचे घर स्थिर आणि चारचौघांसारखे, तर बापाचे घर कलंदर आणि बेभरवशाचे, अशा अर्थाचे वर्णन होते. देशभर टीका झाली. दोनच वर्षांनी, १९६८ साली, मुलानेच बापाकडे राहण्याची इच्छा दाखवली आणि कॅलिफोर्नियातील न्यायालयाने त्याला बापाकडे सोपवले.

तज्ज्ञ काही खोटे बोलला असे नव्हे. पण त्याला दोन घरे तराजूत घालायला सांगितले, आणि असे वजन करताना शास्त्र कुठे संपते आणि आवडनिवड कुठे सुरू होते हे कळत नाही.

तज्ज्ञांचे आपापसातही एकमत नव्हते. १९७३ साली अॅना फ्रॉइड आणि तिच्या दोन सहकाऱ्यांचे एक पुस्तक आले. मुलाला एका मोठ्या माणसाशी अखंड नाते हवे असते, म्हणून ज्याच्याकडे मूल असेल त्यानेच सगळे ठरवावे, दुसऱ्याने भेटावे की नाही हेसुद्धा, असे त्यात मांडले होते. दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यात जुडिथ वॉलरस्टाइन आणि जोन केली या दोघी १९७१ पासून ६० घटस्फोटित कुटुंबांतल्या १३१ मुलांशी बोलत होत्या. मुले वेगळेच सांगत होती. लहान मुलांना वाटे, माझ्यामुळेच बाबा गेले. आईबाप पुन्हा एकत्र येतील ही आशा कित्येकांनी वर्षानुवर्षे सोडली नव्हती. दूर गेलेल्या बापाची ओढ कायम होती. ही कुटुंबे बहुतेक सुखवस्तू होती आणि तुलनेसाठी न दुभंगलेली घरे घेतली नव्हती, हा आक्षेप रास्तच आहे. तरी मुलांना विचारा, हा त्या दोघींचा आग्रह पुढे टिकला.

अखेर कॅलिफोर्नियाने १९८१ पासून नियमच केला की, ताबा किंवा भेटींवरून वाद असेल, तर न्यायाधीशापुढे सुनावणी होण्याआधी आईबापांनी मध्यस्थाकडे बसलेच पाहिजे. त्याचा उपयोग होतो का? व्हर्जिनियातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी यांनी ताब्यासाठी भांडणाऱ्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एक गट मध्यस्थीकडे गेला, दुसरा नेहमीच्या न्यायालयीन मार्गाने. बारा वर्षांनी पाहिले, तेव्हा वेगळे राहणाऱ्या पालकांपैकी मुलाला दर आठवड्याला भेटणाऱ्यांचे प्रमाण मध्यस्थीच्या गटात दुसऱ्या गटाच्या सुमारे तिप्पट होते. मध्यस्थीला लागले होते अवघे काही तास.

पण या मार्गालाही काचा आहेत. ज्या घरात मारहाण झाली आहे, तिथे बाईला नवऱ्यासमोर बसवून ‘तुम्हीच मिळून ठरवा’ म्हणणे हा अन्याय होतो. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे. म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्याला अशा प्रसंगी दोघांशी वेगवेगळे बोलण्याची तरतूद करावी लागली. दुसरी काच शब्दांची आहे. १९८५ साली रिचर्ड गार्डनर या मानसोपचारतज्ज्ञाने, एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित केले की जे होते, त्याला एका आजाराचे नाव दिले. मुलांचे कान भरले जातात हे कोणीही वकील सांगेल. पण आजाराचे नाव मिळाल्यावर खरोखर घाबरलेल्या मुलाचे म्हणणेही ‘शिकवलेले’ म्हणून बाजूला सारले जाण्याचा धोका निर्माण झाला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या आजारांच्या यादीत हे नाव घेतले नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयाची कल्पना दुर्गाबाई देशमुखांची. मूळच्या आंध्रच्या दुर्गाबाई १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी विवाह करून आपल्या झाल्या. त्याच वर्षी त्या चीनच्या दौऱ्यावर गेल्या, तिथली कौटुंबिक न्यायालये त्यांनी पाहिली आणि परत आल्यावर पंडित नेहरूंपुढे असा प्रस्ताव मांडला. कल्पना तीस वर्षे मुरत राहिली. १९७४ साली विधी आयोगाने सांगितले की, कुटुंबाचे तंटे साध्या दिवाणी दाव्यांसारखे चालवू नयेत. स्त्री संघटनांनी मागणी लावून धरली आणि १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. महाराष्ट्रात १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये सुरू झाली.

या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. समुपदेशक नेमण्याची तरतूद आहे. वैद्यकीय आणि समाजकल्याण क्षेत्रातल्या जाणकारांची मदत घेण्याची मुभा आहे. वकील हक्क म्हणून उभा राहू शकत नाही, न्यायालयाच्या परवानगीने राहतो. महाराष्ट्रात या न्यायालयांतून समाजकार्याचे शिक्षण घेतलेले समुपदेशक काम करू लागले. नागपाड्यात १९३६ साली लावलेले रोप असे न्यायालयाच्या दारात उगवले.

समुपदेशकाच्या खोलीत काय चालते? तिथे मोठी तत्त्वे फारशी निघत नाहीत. निघतात त्या साध्या गोष्टी. शनिवारी मूल कोणी सोडायचे, कुठे सोडायचे? दिवाळीचा पाडवा कोणाकडे, भाऊबीज कोणाकडे? गणपतीत बापाच्या घरी आरतीला यायचे का? मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी करायची, तर आजोळी कधी जायचे? शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही कोणाची? स्नेहसंमेलनाला दोघेही आले तर कोणी कुठे बसायचे? ‘माझा हक्क’ म्हणून भांडणारे दोघे अशा प्रश्नांवर आले की, हळूहळू मुलाबद्दल बोलू लागतात. दर शनिवारी सकाळी मुलाच्या पोटात का दुखते, हा प्रश्न निघतो. आई म्हणते, त्याला बापाकडे जायचे नसते. बाप म्हणतो, तिने शिकवले आहे. समुपदेशक सांगतो, कदाचित त्याला जायचे असते, पण जाताना आईचा उतरलेला चेहरा बघवत नसतो. हे ऐकून दोघेही गप्प होतात. निकालपत्रात असे वाक्य लिहिता येत नाही. ते बोलायला ती खोलीच लागते.

ही खोली टिकते ती विश्वासावर. इथे बोललेले बाहेर जाणार नाही, असे वाटले तरच माणूस म्हणतो, ‘हो, माझेही चुकले.’ आणि नेमका इथेच या इतिहासातला न सुटलेला पेच आहे. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत समुपदेशकाला मिळालेली माहिती गोपनीय मानली आहे, त्याला साक्षीला बोलावता येत नाही. पण त्याच नियमांत, मुलाच्या ताब्याच्या प्रश्नावर घरची परिस्थिती आणि नातेसंबंध यांविषयी त्याने न्यायालयाला अहवाल द्यावा, अशीही वाट ठेवली आहे. कॅलिफोर्नियातही काही परगण्यांत मध्यस्थ न्यायाधीशाकडे शिफारस करी, काहींत करीत नसे. शेवटी २०१२ पासून तिथे शिफारस करणाऱ्या मध्यस्थीला ‘शिफारस करणारे समुपदेशन’ असे स्वतंत्र नाव दिले, निदान आत जाणाऱ्याला आधी कळावे म्हणून. आपल्याकडे दिल्लीच्या एका खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ साली न्यायालयाने म्हटले की, मध्यस्थी एरवी गोपनीय असली, तरी मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकते, कारण तिथे मुलाचे हित सर्वांवर आहे.

दोन्ही बाजूंना वजन आहे. मुलाच्या जिवाला धोका आहे हे समुपदेशकाला कळले आणि तो गप्प राहिला, तर त्या गोपनीयतेला काय अर्थ? उलट, आपला शब्द न् शब्द अहवालात जाणार हे आईबापांना ठाऊक असेल, तर ते खोलीतही साक्ष दिल्यासारखेच बोलतील. मुलालाही घरून पाठ करून पाठवतील. म्हणून मला वाटते की, ही दोन कामे दोन माणसांकडे असावीत. जो मिळवून आणतो त्याने मोजू नये, आणि जो मोजतो त्याने आपण मोजायला बसलो आहोत हे पहिल्याच दिवशी सांगावे. त्यासाठी माणसे अधिक लागतील, खर्चही वाढेल. पण वर्षानुवर्षे तारखा पडत राहतात, तेव्हा मुलाचे बालपण तेवढ्यात संपून जाते. तो खर्च कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो.

२०१५ साली विधी आयोगाने आपल्या अहवालात संयुक्त ताब्याचा विचार व्हावा, मध्यस्थीला जागा मिळावी आणि आईबापांनी संगोपनाचा लेखी आराखडा करावा, असे सुचवले. दिशा तीच आहे, लॉस एंजेलिसच्या समुपदेशकांना सापडली होती तीच. मूल कोणाला द्यायचे, एवढ्यावर न थांबता, मुलाला दोघे कसे मिळतील ते पाहायचे.

महौषधाच्या गोष्टीत मुलाला काय वाटले, हे कोणी विचारत नाही. ते रडते, एवढेच आपल्याला कळते. ज्या घरांत आज अशी ओढाताण चालू आहे, त्यांना एकच सांगावेसे वाटते. न्यायालयाची पायरी चढावी लागली तर चढा, पण वकिलाकडे जाण्याआधी किंवा निदान त्याच्याबरोबरच, समुपदेशकाच्या खोलीत एकदा बसा. तिथे शनिवारची वेळ ठरेल, भाऊबीज ठरेल. मूल तयार होऊन दारात उभे असेल आणि त्याच्या पोटात दुखणार नाही, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.